आत्याबाईची थरथर

खारू झोपली की तिच्या पोटावर तळहात ठेवायचा आणि तिचा श्वास मोजत बसायचं, ही माझी सवय घरात सगळ्यांना पाठ झाली आहे. नवरा म्हणतो, "मुलगी आहे ती, घड्याळ नाही. चावी द्यावी लागत नाही तिला." सासूबाई माझी बाजू घेतात. "राहू दे रे. पहिलटकरीण आहे. दुसऱ्या खेपेला मूल कुठे ठेवलंय हेही आठवणार नाही तिला." मी हसते आणि हात तिथेच ठेवते.

आत्याबाईचं दुखणं सगळ्यांच्या आधी मला कळलं ते या हातामुळेच.

आत्याबाई म्हणजे आमची गाडी. सासऱ्यांच्या, म्हणजे बाबांच्या, जन्माच्याही आधी ती या घरात आली. बाबांचे वडील येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "ही आमची थोरली." म्हणून बाबा तिला ताई म्हणू लागले, नवऱ्याची ती आत्याबाई झाली, आणि बाबा गॅरेजमध्ये जास्तच रमले की सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून हाक देतात, "वन्संची सेवा उरकली असेल तर जेवायला या." लांब नाक, गोल दिवे, जाड काळं स्टिअरिंग आणि मागे दिवाणखान्यातला कोच उचलून ठेवावा तशी सीट. वर्षानुवर्षं ती ताडपत्रीखाली उभी होती. बाबा दातांचे डॉक्टर. दवाखाना बंद करून निवृत्त झाले आणि बापलेकांनी आत्याबाईला उघडायला घेतलं. स्क्रू न् स्क्रू सुटा केला, धुतला, रंगवला, परत जोडला. ती रस्त्यावर आली आणि खारू घरात आली, दोन्ही एकाच थंडीत.

बाबांचं काम म्हणजे बघत राहावं असं. गाडीच्या पोटाखालचा एखादा दांडा, जो फक्त रस्त्याला दिसणार, त्यावरही कुठे खड्डा, टोचा, ओरखडा दिसला की ते लांबी, म्हणजे रंगाऱ्याची पुट्टी, भरायचे, घासून गुळगुळीत करायचे आणि वर काळ्या रंगाचे तीन हात द्यायचे. नवरा वैतागायचा. "बाबा, पोटाखाली आहे ते. कोण वाकून बघणार आहे?"

"दाढ तरी कोण वाकून बघतं?" बाबा म्हणायचे. "तरी भरतोच ना आपण?"

थरथर पहिल्यांदा जाणवली ती गावाबाहेरच्या रुंद रस्त्यावर. बाबा चालवत होते, नवरा शेजारी, मी मागे, खारू माझ्या बाजूला तिच्या खुर्चीत झोपलेली. माझा हात तिच्या पोटावर. आत-बाहेर, आत-बाहेर, छान चाललं होतं. काटा साठाच्या पुढे गेला आणि तिचा श्वास हरवला.

म्हणजे थांबला नव्हता. पण सीटमधून, खुर्चीतून, तिच्या पोटातून एक बारीक, सलग कंप माझ्या तळहातात येऊ लागला. माशी मुठीत धरल्यासारखा. त्या कंपात श्वास कुठे दडला ते हाताला कळेना. मी तिच्या नाकाशी कान नेला, तर कानात नुसती रस्त्याची गाज.

"गाडी थांबवा," मी म्हणाले.

बाबांनी लगेच बाजूला घेतली. गाडी उभी राहिली आणि श्वास आपल्या जागी होता, जसाच्या तसा. खारूनं एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं आणि परत मिटला.

"काय झालं?" नवऱ्यानं मान वळवून विचारलं.

"साठाच्या पुढे गेलं की मला तिचा श्वास सापडत नाही."

तो म्हणाला, "हाताला मुंग्या आल्या असतील. तासभर तसाच ठेवून बसतेस."

पण तो माणूस चांगला आहे. त्याच आठवड्यात टायरवाल्याकडे जाऊन त्यानं चाकं तोलून आणली, पुढची मागे आणि मागची पुढे करून घेतली. आम्ही पुन्हा त्या रस्त्याला गेलो. साठ. श्वास गायब. आता त्यालाही पायाखाली काहीतरी लागलं. "आहे खरं काहीतरी," तो पुटपुटला. "बाबा, तुम्हाला स्टिअरिंगमध्ये जाणवतंय का?"

"गाडीला काही झालेलं नाही," बाबा समोर बघत म्हणाले.

मला त्या थरथरीपेक्षा हेच विचित्र वाटलं. आमच्या बाबांना बोलता बोलता मागच्या दाराची कडी सैल वाजलेली ऐकू येते. शेजारच्यांचा पंखा कुरकुरला तर तेलाची बाटली घेऊन निघतात. आणि अख्खी गाडी आतून गुणगुणतेय ती त्यांना कळत नाही?

मग आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. लक्षात येणं हा माझा दोषच आहे म्हणा. खारू जन्मल्यापासून रोज सकाळी बाबा तिला खांद्यावर घेऊन अंगणात फिरवायचे, झाडाचं एकेक पान तिच्या बोटाला लावायचे आणि ते कुठल्या झाडाचं आहे ते एखाद्या विद्यार्थिनीला सांगावं तसं सांगायचे. ते बंद झालं होतं. आता ते खुर्चीत बसायचे, मांडीवर उशी घ्यायचे आणि म्हणायचे, "ठेव इथे." उभ्यानं तिला घेतच नव्हते. तिनं हात पसरले तरी गालाला बोट लावून चष्मा शोधायला निघून जायचे. कप दोन्ही हातांनी धरायचे. मला वाटलं, पाठ धरली असेल. विचारलं तर म्हणाले, "छे, पाठीला काय धाड भरलीय."

एका दुपारी खारूचे कपडे वाळत घालताना मला गॅरेजच्या खिडकीतून ते दिसले. आत्याबाईच्या नाकाशी उभे होते. उजवा हात समोर सरळ धरलेला, पंजा पालथा, आणि त्यावर एक कोरा कागद. ते कागदाच्या कडेकडे बघत होते. कागदाची कड थरथरत होती. बराच वेळ त्यांनी पाहिलं, मग कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली.

मी ओलं झबलं हातात घेऊन तशीच उभी राहिले. स्टिअरिंग धरलेल्या हातांना साठाच्या पुढे थरथर जाणवते, आणि माणूस म्हणतो गाडीला काही झालेलं नाही. मग झालंय कुणाला?

सासूबाईंना मी त्याच संध्याकाळी विचारलं. त्या भाजी निवडत होत्या. हात थांबला नाही, पण आवाज खाली आला.

"यांच्या वडिलांचे हात असेच कापायला लागले होते. आधी वर्तमानपत्र धरताना, मग चमचा. एक दिवस गाडीची किल्ली यांच्यापुढे ठेवली आणि परत कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. तुझा नवरा तेव्हा तान्हा. त्याला त्यांनी एकदाही उचललं नाही गं. दाराच्या चौकटीला धरून उभे राहायचे आणि तिथूनच बघायचे." भाजीचं एक पान त्यांनी उगाच दोनदा उलटं-सुलटं केलं. "हे तेच मनात घेऊन बसलेत. मला काही बोलले नाहीत. पण इतकी वर्षं एका ताटाला बसतोय, कळतं."

"डॉक्टरांना दाखवलं?"

"स्वतः डॉक्टर आहेत म्हणे. दातांचे." त्या पहिल्यांदा हसल्या. "सांगून बघ तू. माझं ऐकायची सवय नाही त्यांना."

मला सांगायला वेळच मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी जेवताना बाबांनी घास खाली ठेवला आणि म्हणाले, "ताईसाठी चांगलं घर बघायला हवं. तिला चालवणारा माणूस हवा."

नवऱ्यानं मान वर केली. "म्हणजे? विकायची?"

"विकायची असं नाही. कुणा जाणकाराला द्यायची."

"आपण काय अडाणी आहोत? बाबा, आत्ता कुठे उभी राहिलीय ती. चाकं झाली, आता इंजिनाखालचे रबर बघू, थोडी थरथर तर आहे—"

"थरथर गाडीची नाही," बाबा म्हणाले आणि पाणी प्यायले. दोन्ही हातांनी. "उगाच तिला परत उघडू नकोस."

 खारू आपल्या उंच खुर्चीत बसून पाण्याच्या वाटीवर चमचा आपटत होती. ठण्, ठण्. प्रत्येक ठोक्याला वाटीतल्या पाण्यावर गोल गोल रेघा उमटत होत्या, कडेला जाऊन परत येत होत्या. मी त्या बघत राहिले आणि मला कॉलेजची प्रयोगशाळा आठवली. सरांनी पत्र्याच्या चकतीवर वाळू पसरली होती आणि कडेवरून व्हायोलिनचा गज ओढला होता. वाळू आपली आपण सरकून नक्षी झाली. आवाज दिसतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं आणि बसस्टॉपपर्यंत कुणाशी बोलले नव्हते.

"बाबा," मी म्हणाले, "एक फेरी मारायची. तुम्ही मागे बसायचं. माझ्या शेजारी."

"मागे?"

"हो. हा चालवेल."

"हा?" बाबांनी मुलाकडे असं पाहिलं की जणू तोच उंच खुर्चीत बसलाय. "गिअर बदलताना ताईचे हाल करतो हा."

"बघा, अजून विकली नाही तोच आठवण यायला लागली," सासूबाई म्हणाल्या. "जा की. सून कधी नव्हे ते काही मागतेय."

खारूला मी सासूबाईंकडे ठेवलं. जन्मल्यापासून तिला सोडून मी गाडीत बसले नव्हते. हात रिकामा होता आणि त्याचं काय करावं ते कळत नव्हतं, म्हणून त्यात तिची वाटी धरली. गॅरेजमध्ये गाडीच्या तळाशी, मागे बसणाऱ्या दोघांच्या पायांच्या मधे, जो लांब उंचवटा जातो त्यावर मी ओलं फडकं चापूनचोपून बसवलं, वर वाटी ठेवली आणि अर्धी पाण्यानं भरली.

बाबा मागच्या दारातून आत आले आणि क्षणभर वाकलेलेच राहिले. "इथे शेवटचा बसलो तेव्हा माझे पाय खाली टेकत नव्हते," ते म्हणाले. मग बसले, अवघडून, पाहुण्यासारखे. हात मांडीवर.

रस्ता सरळ आणि मोकळा होता. तीस, चाळीस. वाटीतलं पाणी डचमळत होतं, खड्ड्याबरोबर उसळत होतं, जसं कुठलंही पाणी करेल. पन्नास. बाबा खिडकीबाहेर बघत होते. मला त्यांना हाक मारायची नव्हती. त्यांनी आपणहून बघायला हवं होतं.

पंचावन्नच्या पुढे पाण्याचं डचमळणं विरलं. साठाला त्यावर रेघा उभ्या राहिल्या. उभ्याच. एकात एक बसलेल्या, केसासारख्या बारीक, गोल गोल. गाडी धावत होती, झाडं मागे पळत होती आणि या रेघा जागच्या जागी. कोणीतरी सुईनं पाण्यावर कोरल्यासारख्या. खिडकीतून उन्हाची तिरीप आत आली तेव्हा त्या रेघांची सावली वाटीच्या तळाशी दिसली, तीही स्थिर. इतकी नाजूक गोष्ट इतक्या जड लोखंडाच्या पोटातून यावी, हे मला पटत नव्हतं आणि डोळ्यांसमोर होतं.

"बाबा," मी हळूच म्हणाले.

त्यांनी वाटीकडे पाहिलं. मग आपल्या हातांकडे पाहिलं. हात मांडीवर होते, स्टिअरिंगपासून, सगळ्यापासून लांब. परत वाटीकडे पाहिलं. रेघा तशाच.

"माझे हात इथे आहेत," ते म्हणाले. मला नव्हे, नवऱ्यालाही नव्हे.

"हो बाबा."

"मग हे कोण करतंय?"

त्यांचा आवाज बदलला होता. त्यात मला दवाखान्यातला माणूस ऐकू आला, ज्याला मी कधी पाहिलं नव्हतं, जो म्हणत असेल, आ करा, इथे दुखतं का, आणि इथे? त्यांनी सीटची पाठ सोडली, पुढे वाकले आणि दोन बोटं उंचवट्यावर टेकवली.

"क्लच दाब," त्यांनी मुलाला सांगितलं. "न्यूट्रल कर. इंजिन गुरगुरू दे, वेग आपोआप उतरू दे."

इंजिनाचा आवाज एकदम खाली गेला. गाडी आपल्या वजनानं वाहत राहिली. रेघा गेल्या नाहीत. काटा उतरत पंचावन्नच्या खाली आला तेव्हा कुठे त्या पुसट झाल्या, आणि पाणी परत साधं पाणी झालं.

"इंजिन नाही," बाबा म्हणाले. "इंजिन शांत झालं तरी होतीच. गाडी पळते तेव्हाच येते. म्हणजे जे चाकाबरोबर फिरतं त्यातलं काहीतरी."

"चाकं तोलून आणलीत," नवरा म्हणाला.

"चाक नाही. चाकाची थरथर जाड असते, ढब ढब लागते. ही बारीक आहे. चाकापेक्षा कितीतरी जोरात काहीतरी फिरतंय." त्यांची बोटं उंचवट्यावरून पुढे-मागे सरकत होती, हिरडी चाचपावी तशी. "आणि ते इथे, बरोबर या वाटीखाली आहे. घरी चल. आणि गिअर नीट टाक, तिचे दात पाडशील."

घरी आल्यावर त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. बापलेकांनी आत्याबाईची मागची बाजू जॅकनं उचलून लोखंडी घोड्यांच्या टेकूवर ठेवली, पुढच्या चाकांना दगड लावले, ढकलून, हलवून दोनदा खात्री केली. बाबा सतरंजी पसरून खाली सरकले. मी खारूला कडेवर घेऊन दाराशी उभी राहिले. आत जायची माझी हिंमत नव्हती, आणि तिथून हलायचीही नव्हती.

पोटाखाली, पुढच्या गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत, एक लांब नळीसारखा दांडा जातो. इंजिनाची ताकद तोच मागे नेतो. बाबांनी नंतर मला तो सगळा समजावून सांगितला. दांडा थोडा तिरका असतो, म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना मनगटासारखे सांधे असतात. तिरक्या सांध्याची एक खोड आहे. त्याला एकसारखं फिरता येत नाही. एका फेऱ्यात तो दोनदा पळतो आणि दोनदा रेंगाळतो.

"मग गाडी गचके खात का नाही?" मी विचारलं.

"कारण दुसऱ्या टोकालाही तसलाच सांधा आहे. त्यालाही तीच खोड. पण तो असा बसवतात की पुढचा पळाला की मागचा रेंगाळतो, पुढचा रेंगाळला की मागचा पळतो. पुढच्याची चूक मागचा गिळून टाकतो. चाकापर्यंत पोचतं ते अगदी सरळ, एकसारखं फिरणं." त्यांनी दोन्ही मनगटं एकमेकांसमोर फिरवून दाखवली. "दोन वाकडे मिळून एक सरळ."

"आमच्या लग्नाचंच सांगताहेत," सासूबाई म्हणाल्या.

बाकीचे हसले, पण मी त्या मनगटांकडेच बघत होते. या घरातली माणसं जिच्या मागच्या सीटवर लहानाची मोठी झाली, तिच्या तळाशी इतकी वर्षं हे चाललं होतं. कुणालाही न कळता, एका सेकंदात कितीतरी वेळा, एक चुकत होता आणि दुसरा सावरत होता. आणि सगळ्यांना वाटत होतं, गाडी चाललीय.

पण हे नंतरचं. त्या दिवशी सतरंजीवरून बाबांचा नुसता आवाज येत होता. "सांधे घट्ट आहेत. ढिलाई नाही. दांडा वाकलेला नाही. फिरव जरा चाक. थांब. परत."  मग, "अरे, हा मधे सुटा होतो ना? सरकता भाग आहे ना याला?"

"आहे. आपणच तर काढून साफ केला होता," नवरा म्हणाला. "खाचांमधे बसतो तो. दाबून घातला तुम्ही."

"कुठल्या खाचेत?"

"कुठल्या म्हणजे?"

"कुठल्याही खाचेत घातला तर चालत नाही, गाढवा. दोन्ही टोकांचे सांधे एका रेषेत यायला हवेत. खूण असते. दोन्ही भागांवर बाण ठोकलेला असतो, बाणाला बाण मिळवायचा."

"मला तर कुठे बाण दिसला नाही."

 मग बाबा सरकत बाहेर आले, उठून बसले. केसांत माती, कपाळावर ग्रीस. त्यांचा चेहरा मला आधी समजलाच नाही. मग कळलं की ते हसू दाबताहेत.

"माझी जुनी पेटी आण," त्यांनी बायकोला सांगितलं. "दवाखान्यातली."

सासूबाईंनी आणली. त्यातून त्यांनी एक बारीक, वाकड्या टोकाची सळई काढली, जिनं दात टोचून कीड शोधतात ती. ते परत खाली गेले. आता मला राहवेना. खारूला सासूबाईंकडे देऊन मी गुडघ्यांवर वाकले. टॉर्चच्या उजेडात तो दांडा काळा, आरशासारखा चकचकीत दिसत होता. खरंच, दिवाणखान्यात ठेवावा असा. बाबा सळईचं टोक त्यावरून फिरवत होते, अगदी हलकं. एका जागी टोक किंचित अडलं.

"इथे लांबी आहे," ते म्हणाले. "मीच भरलीय."

ते कोरू लागले. काळा रंग, मग राखाडी भुकटी, कणाकणानं. मी बाणाकडे बघायला हवं होतं, पण मी त्यांच्या हाताकडे बघत होते. करंगळी दांड्यावर टेकलेली, सळई तीन बोटांत, आणि टोक बरोबर तिथेच जात होतं जिथे त्यांना न्यायचं होतं. हात एवढासाही इकडेतिकडे नाही.

भुकटीखालून लोखंडात ठोकलेला एक चिमुकला बाण वर आला. मग सरकत्या भागावर, तशाच गुळगुळीत काळ्या रंगाखाली, दुसरा. दोन्ही एकमेकांसमोर नव्हते. एका खाचेनं चुकले होते.

"भोक दिसलं की बुजव," नवरा हळूच म्हणाला.

"जन्मभर तेच केलं," बाबा म्हणाले. "पोकळी दिसली, भरून टाकली. ती बिचारी मला रस्ता दाखवत होती." आणि मग ते गाडीखाली पडल्यापडल्या इतके हसले की खारूही हसायला लागली, कशाला ते न कळता.

दांड्याचं एक टोक सोडवलं, सरकता भाग बाहेर ओढला, एका खाचेनं फिरवला, बाणाला बाण लावला आणि परत आत सरकवला. एवढंच. मी विचारलं, आता बाणांवर रंग लावणार का? बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी परत विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा चालवायला बसले. नवरा शेजारी, मी मागे, खारू तिच्या खुर्चीत, वाटी तिच्या जागी. गाव मागे पडलं. खारूचे डोळे जड झाले, मिटले. माझा हात आपोआप तिच्या पोटावर गेला.

पन्नास. पंचावन्न. मी वाटीकडे बघत नव्हते, डोळे मिटून घेतले होते. साठ झाले असतील. मी वाट बघत राहिले. तळहाताखाली पोट वर आलं, खाली गेलं. वर आलं, खाली गेलं. मी वाटीकडे पाहिलं. पाण्यावर आभाळाचा एक तुकडा पडला होता, खिडकीएवढा, आणि तो साधासुधा हलत होता, रस्त्याच्या चढउताराबरोबर.

"सत्तर," नवरा म्हणाला.

वर आलं, खाली गेलं.  लोखंडाचे दोन बाण समोरासमोर आले होते, बस्स, आणि त्यामुळे धावत्या गाडीत माझ्या हाताला एवढ्याशा जिवाचा श्वास लागत होता. हे ज्यानं पहिल्यांदा शोधून काढलं, त्यालाही एखादं मूल असेल का, असं मला वाटून गेलं.

पुढे झाडांची सावली होती, तिथे बाबांनी गाडी बाजूला घेतली. इंजिन चालू ठेवलं, हात स्टिअरिंगवरून काढले आणि समोर धरले. आम्ही दोघंही बघत होतो हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी लपवलं नाही. डावा हात स्थिर होता. उजव्या हाताची दोन बोटं किंचित, अगदी किंचित हलत होती.

"बघ," ते मुलाला म्हणाले. "एवढी उरली. ही माझी."

नवऱ्यानं वाकून त्या बोटांकडे पाहिलं.

"इतके दिवस सगळीच माझी वाटत होती," बाबा म्हणाले. त्यांच्या बोलण्यात दुःख नव्हतं. एखाद्या एक्सरेकडे बघत असावेत तसं ते त्या दोन बोटांकडे बघत होते. "घाबरून कागद धरला की कागद हलणारच. आता कळलं, किती तिची होती आणि किती माझी."

"डॉक्टरांकडे जाऊ या," मी म्हणाले. "खऱ्या डॉक्टरांकडे."

"जाऊ की. सोमवारी जाऊ. मीच चालवीन." त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. "तुझी सासू सांगते म्हणून नव्हे हं. तसं तिला सांगू नकोस."

ते उतरले, वळसा घालून मागे आले आणि दार उघडलं. वाकले. हात पुढे केले. बोटं अजून थोडी हलत होती आणि ती त्यांनाही दिसत होती, मलाही.

"दे तिला," ते म्हणाले.

"झोपलीय बाबा."

"असू दे. झोपलेलीच दे."

मी पट्टे सोडले. खारू गरम आणि जड झाली होती. मी तिला त्यांच्या हातांवर ठेवलं आणि लगेच हात काढला नाही. मग काढला. त्यांनी तिला वर घेतलं, खांद्याशी धरलं, मानेखाली पंजा दिला. ती कुरकुरली, नाक त्यांच्या शर्टावर घासलं, डोळे उघडले. बाबा तिला घेऊन झाडापाशी चालत गेले. एक पान ओढून तिच्या बोटाला लावलं आणि ते कुठल्या झाडाचं ते सांगू लागले. मग वळून गाडीकडे बोट दाखवलं. "आणि ती तुझी आत्याआजी. जरा खोडकर आहे. खालून गुदगुल्या करते."

नवरा उतरून त्यांच्या दिशेनं गेला. मी आतच बसून राहिले. माझा हात खारूच्या रिकाम्या खुर्चीत, तिच्या उबेवर, तसाच होता. खालून आत्याबाईचं इंजिन संथ चाललं होतं, एका लयीत, झोपेतल्यासारखं.